एका हातात खड्ग, दुसरा हात रिकामा

खेळाच्या पुस्तकात नियम असा आहे: तलवार एका हातात धरायची आणि दुसरा हात रिकामा ठेवायचा. त्या रिकाम्या हाताने मंत्राची खूण करायची. दुसऱ्या हातातही शस्त्र घेतलंत तर एका दमात वार आणि मंत्र ही जोडी जमणार नाही. 'पाथफाइंडर' नावाच्या खेळात २०११ साली 'मेगस' नावाचं पात्र आलं, त्याचा हा नियम. लढवय्याही तो आणि मांत्रिकही तोच. हे वाचल्यावर बायकांच्या मनात पहिल्यांदा काय येईल ते मैत्रिणींनो मी सांगायला नको. कडेवर लेकरू, एका हाताने तव्यावरची पोळी उलटणं, आणि दाराशी आलेल्या दूधवाल्याचा हिशेब तोंडी. पण हा विनोद मी इथेच सोडते. तो फार सोपा आहे, आणि तो केला की आपलं बोलणं घरकामावर येऊन थांबतं. मला बोलायचंय ते त्या पात्राबद्दल, आणि आपल्या पुराणांत ते किती आधीपासून बसलेलं आहे त्याबद्दल.

ज्यांच्या घरात वयात आलेली मुलं नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे खेळ मोबाइलवरचे असतात तसे कागदावरचेही असतात. चार-पाच जण गोल बसतात, प्रत्येकाकडे आपल्या पात्राचा एक कागद असतो. त्यावर ताकद किती, बुद्धी किती, काय येतं, काय येत नाही ते आकड्यांत मांडलेलं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे 'मी असं करतो', 'मी तिकडे जाते' म्हणतात, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. फासा वीस बाजूंचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' छापला, तिथून हे सुरू झालं. त्यात सुरुवातीला तीनच जाती होत्या: लढणारा, मंत्रवाला आणि देवाधर्माचा माणूस. मंत्रवाल्याला चिलखत नाही, हातात फार तर खंजीर. धर्माच्या माणसाला धारेचं शस्त्र वर्ज्य. गदा मात्र चालते! धारेने रक्त सांडतं म्हणून ती नको, आणि गदेने डोकं फोडलं तर हरकत नाही. आपल्याकडे असा नियम कुणी स्वाध्यायात मांडला असता तर पहिल्या रांगेतल्या आज्जींनीच त्याची सालं काढली असती.

या तीन जातींमध्ये एक फट होती. 'एल्फ' नावाच्या वनवासी जमातीतल्या पात्राला दोन्ही येत असे, पण एका मोहिमेला एकच. आज तलवार, तर मंत्र पुढच्या खेपेला. पुढे १९८१च्या आवृत्तीत एल्फला चिलखत घालून मंत्र म्हणायची मुभा मिळाली, आणि त्याची किंमतही लागली. दुसऱ्या पायरीवर चढायला लढवय्याला २००० गुण लागत, मंत्रवाल्याला २५००, आणि एल्फला ४०००. बाकीचे वर चढून गेलेले असत आणि हा अजून खालच्याच पायरीवर. तरी मुलांनी तोच घेतला. त्यानंतर किती नावांनी तो परत आला! कधी शूर सरदार थोडे मंत्र शिकलेला, कधी गात गात तलवार फिरवणारा. 'स्कायरिम' या २०११च्या संगणकी खेळात तर जातच काढून टाकली, जे कराल ते तुम्ही व्हाल. पन्नास वर्षं हे खेळ बनवणारे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसलेत: दोन्ही येणाऱ्याला ठेवायचं कसं, आणि तो सगळ्यांना खाऊन टाकणार नाही हे बघायचं कसं.

हे सगळं मला माझ्या भाचीने शिकवलं, गुंदला. गुंद म्हणजे जोयड्याच्या पुढे, उळवीकडे जाणाऱ्या रानातलं गाव. माझी थोरली बहीण तिथे संसार करते. तालुक्याला जुनी माणसं अजून सुपा म्हणतात, ते मूळ सुपा काळी नदीच्या धरणात गेलं. पावसाळ्यात इथे वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि पाऊस असा की अंगणातून गोठ्यापर्यंत जायलाही इरलं लागतं. अशा गावात संगणकाचा खेळ चालणार कसा? म्हणून पोरं कागदावरचा खेळतात. हुबळीला शिकणाऱ्या कुणी तरी पुस्तकाच्या झेरॉक्स आणल्या, फासे आणले. खेळ चालतो कोकणीत, मराठीत आणि कन्नडमध्ये, नियम इंग्रजीत. आमच्या घरच्या दोघी, शेजारचे कुणब्यांचे दोघे, आणि हव्यकांचा एक मुलगा जो गोष्ट सांगतो. रात्रभराचा यक्षगान बघत वाढलेलं पोर ते, राक्षस आला की आवाज असा लावतं की आतल्या खोलीत जपाला बसलेली आमची आक्का दचकते.

भाचीचं पात्र अर्थातच दोन्ही येणारं. मी विचारलं, "नुसती तलवार का नाही गं? नाही तर नुसते मंत्र?" ती म्हणाली, "मावशी, नुसती तलवारवाली असले तर कुणी तरी सांगेल तिथे जाऊन मारायचं. नुसती मंत्रवाली असले तर कुणाच्या तरी मागे उभं राहायचं. मला दोन्ही नको."

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. एरवी असं समजलं जातं की मुलांना असं पात्र आवडतं ते हावेपायी, सगळंच हवं म्हणून. थोडं खरंही आहे. पण हाव असती तर त्यांनी ४००० गुणांचं ओझं कशाला घेतलं असतं? हे पात्र घेणारा प्रत्येक बाबतीत दुसरा येतो. शुद्ध लढवय्या त्याच्यापेक्षा जोरात मारतो, शुद्ध मांत्रिक त्याच्यापेक्षा मोठे मंत्र टाकतो. ते माहीत असूनही मुलं तेच निवडतात, कारण बाकीच्या दोन्ही जागांमध्ये माणसाचा अर्धाच भाग लागतो. उरलेला अर्धा ठेवायचा कुठे, हा त्यांचा प्रश्न आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला 'तू सायन्स की आर्ट्स' असं वर्षभर विचारून झाल्यावर तिने या पात्राकडे जावं यात मला नवल वाटत नाही.

आपल्या आज्यांच्या गोष्टींत असं पात्र कमी. तिथे जादूगार वेगळा आणि राजपुत्र वेगळा. जादूगाराचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात, राजपुत्राकडे नुसती तलवार आणि एक सांगकामा मित्र. चांदोबातला विक्रम राजा बघा, तलवार कमरेला, पण खांद्यावरच्या वेताळापुढे तिचा उपयोग शून्य. महाभारतात मात्र अस्त्र म्हणजे बाण आणि मंत्र एकत्र. आणि तिथला मराठी वाचकांचा सर्वांत लाडका कोण? कर्ण. ज्याला ऐनवेळी मंत्र आठवत नाही, आणि ज्याची इंद्राने दिलेली शक्ती एकदाच वापरायची असते, ती घटोत्कचावर खर्च होते. 'मृत्युंजय' १९६७ साली आलं तेव्हापासून घरोघर त्याच्यासाठी डोळे पुसले गेलेत. दोन्ही येणारा आणि ऐनवेळी एक हरवणारा, ही जागा लोकांना हळवी करते.

पण खरी गर्दी आहे ती आपल्या पुराणांत. आपले विद्याधर! ऋषभदेवांकडे नमी आणि विनमी राज्याचा वाटा मागायला आले तेव्हा भगवंत ध्यानात होते. धरणेंद्राने त्या दोघांना विद्या दिल्या आणि विजयार्ध पर्वतावरची नगरं दिली, दक्षिणेला ५० आणि उत्तरेला ६०. तिथून विद्याधरांचा वंश. आपल्या रामायणात रावण हा राक्षस नाही, राक्षसवंशातला विद्याधर आहे, आणि हनुमान माकड नाही, वानरवंशातला विद्याधर आहे, ध्वजावर वानराची खूण असलेला. हे सगळे तलवारही चालवतात आणि विद्याही. इथे ते कुणाला वेगळं काढून दाखवावंसं वाटत नाही, ती त्यांची रीतच. विमलसूरींचं 'पउमचरिय' महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत. त्यामुळे हे पात्र आपण परदेशातून आणलं असं कुणी म्हणालं तर मला हसू येतं.

विद्यांचे तीन प्रकार सांगितलेत. आईकडून येते ती जातिविद्या, वडिलांच्या कुळातून येते ती कुलविद्या, आणि उपवास-तप करून मिळते ती तपविद्या. हे मी भाचीला सांगितलं तर ती उडालीच. तिच्या खेळातही जन्मजात मंत्र असलेला वेगळा आणि पुस्तकातून शिकलेला वेगळा, पण आईकडचं आणि वडिलांकडचं असा भेद तिथे नाही. माहेरचं जे येतं त्याला आपल्या शास्त्राने वेगळं नाव दिलं, आणि यादीत ते पहिलं ठेवलं. स्वाध्यायात आपण हे वाचून पुढे जातो. पुढच्या वेळी तिथे जरा थांबा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. खेळाच्या २०१४च्या आवृत्तीत एकाग्रतेचा नियम आहे. काही मंत्र असे की ते चालू ठेवायला मन एकाग्र ठेवावं लागतं. तेवढ्यात अंगावर घाव बसला तर फासा टाकायचा. दहा किंवा झालेल्या इजेचा निम्मा, यातला जो आकडा मोठा तो गाठला पाहिजे. गाठला नाही तर मंत्र तुटला. फाशात कोणता गुण मिळवायचा? बुद्धीचा नाही, शरीराच्या काटकपणाचा. दोन्ही येणाऱ्या पात्राची खरी परीक्षा इथे असते. तो पुढच्या फळीत उभा, घाव त्यालाच जास्त बसणार, आणि मंत्र त्यालाच सांभाळायचाय. मला हा नियम फार हुशारीचा वाटतो. मन शरीरावर टेकलेलं आहे हे त्यात मान्य केलंय.

याच्या शेजारी रविषेणांच्या पद्मपुराणातला रावण ठेवा. हे सातव्या शतकातलं संस्कृत पुराण. युद्ध हातातून चाललंय. रावण शांतिनाथांच्या मंदिरात बहुरूपिणी विद्येच्या साधनेला बसतो. विद्या सिद्ध झाली की तो एकाचे अनेक होणार. वानरवंशाचे तरुण ती मोडायला लंकेत घुसतात, अंतःपुरात धिंगाणा घालतात, अंगद मंदोदरीला त्याच्यासमोर ओढत आणतो. ती आक्रोश करते, नवऱ्याला हाका मारते. रावण हलत नाही. विद्या सिद्ध होते.

खेळाच्या भाषेत त्याने फासा जिंकला. आणि आमच्याकडे व्याख्यानात हा प्रसंग येतो तेव्हा सांगणारे बहुतेक त्याच्या एकाग्रतेचं कौतुक करतात: हीच स्थिरता मोक्षासाठी लावली असती तर केवढं झालं असतं! मी लहानपणापासून हे ऐकत आले. वाक्य खोटं नाही. पण सभेत अर्ध्याहून जास्त बायका बसलेल्या असतात, आणि मंदोदरीच्या हाकेबद्दल एकही शब्द न बोलता पुढचा श्लोक घेतला जातो, हे मला पटत नाही. पुराणकाराने ती हाक लिहिली आहे. त्याला नुसती स्थिरता दाखवायची असती तर वीज पाडली असती, साप सोडले असते. त्याने बायको आणली. म्हणजे तिचं ओरडणं हा रावणाच्या सिद्धीचा भाग नाही, सिद्धीची किंमत आहे, आणि ती किंमत रावणाने दिली नाही, तिने दिली. शस्त्र आणि विद्या दोन्ही हातांत असलेल्या माणसाकडे बघताना त्याच्या मागे कोण ओढलं जातंय ते बघायची सवय या पुराणाने मला लावली. खेळात ही सोय नाही. तिथे घाव फक्त पात्राच्या स्वतःच्या अंगावर मोजतात.

त्या बहुरूपिणीचं पुढे काय झालं ते तुम्हांला ठाऊक आहे. रणात एक डोकं तुटलं की दोन उगवतात, आणि शेवटी रावणाने फेकलेलं चक्र लक्ष्मणाभोवती प्रदक्षिणा घालून त्याच्याच हातात जाऊन बसतं. पुण्य सरलं की विद्या साथ सोडतात. खेळात मात्र आठ तास झोप काढली की खर्च झालेले मंत्र परत येतात. हे मला हेव्याने म्हणावंसं वाटतं, बाकी काही नाही.

आमच्या मंडळात गेल्या चातुर्मासात हा विषय निघाला होता. एकीने सरळ विचारलं: मारामारीचा खेळ जैन घरात चालू द्यावा का, तोही चातुर्मासात? आणि तिने यशोधर राजाची गोष्ट काढली. आईच्या हट्टाखातर यशोधराने खऱ्या कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा देवीपुढे कापला. जीव कुणाचाच गेला नाही, तरी त्या संकल्पामुळे आई आणि मुलगा जन्मोजन्मी मोर, कुत्रा, मासा अशा योनींत फिरत, मारले जात राहिले. मग पोरींनी कागदावर रोज चार राक्षस मारले तर ते पिठाचेच कोंबडे नाहीत का?

हा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही. मला त्याचं उत्तर असं सुचतं. यशोधराने कोंबडा पिठाचा केला, पण वार खरा मानून केला. देवीने तो खरा धरावा, आपल्यावरचं अरिष्ट टळावं, हा त्यामागचा हेतू. पीठ ही पळवाट होती. खेळणाऱ्या पोरी काही टाळायला वार करत नाहीत, आणि तो कुणी खरा धरावा असंही त्यांना नको असतं. त्यामुळे दोन्ही एक नाहीत. पण एवढ्याने माझं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. गुंदच्या माजघरात कंदिलाच्या उजेडात एकदा त्या पाचांनी शरण आलेल्या एका शत्रूला मारायचं ठरवलं, कारण सोडला तर मागून त्रास देईल. अगदी शांतपणे, चहा पीत. तेव्हा भाची एकटी नको म्हणाली, मतं मोजली, हरली. रात्री मला म्हणाली, "माझ्याच पात्राचा मंत्र वापरला त्यांनी, मावशी." तिला झोप लागली नाही. संकल्प कागदावर होतो की नाही, याचं उत्तर मंडळातल्या बाईपेक्षा तिच्याकडे जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला शंबूकाची गोष्ट सांगितली. वैदिक रामायणातला नव्हे, आपल्या पुराणातला, चंद्रनखेचा मुलगा आणि रावणाचा भाचा. त्याला सूर्यहास खड्ग हवं होतं. तेही विद्येसारखंच साधनेने मिळणारं, म्हणजे भाचीच्या खेळातली मंत्राची तलवार ती हीच. बांबूच्या बेटात बसून त्याने बारा वर्षं साधना केली. खड्ग प्रकट झालं, आणि त्याने हात घालायच्या आत लक्ष्मण फिरत फिरत तिथे आला. चमकणारी तलवार दिसली, उचलली, धार बघायला समोरच्या बांबूंवर फिरवली. बांबूंबरोबर आत बसलेल्या शंबूकाचं डोकं गेलं. मुलाला बघायला आलेल्या आईला ते सापडलं.

गुंदला ही गोष्ट सांगायला चित्र काढावं लागत नाही. घरामागे बांबूचं बेट आहे, इतकं दाट की आत माणूस बसला तर दोन हातांवरून दिसणार नाही. भाची बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "बारा वर्षं लेव्हल वाढवली त्याने, आणि तलवार नेली आयत्या वेळी आलेल्याने." कुणब्यांच्या मुलाचं म्हणणं वेगळं, "लक्ष्मणाला माहीत नव्हतं ना आत कोण आहे ते." दोघंही बरोबर. लक्ष्मणाने द्वेषाने मारलं नाही, हिंसेचा संकल्पही नव्हता. प्रमाद होता. हातात आलेलं हत्यार चालवून बघावंसं वाटलं, एवढंच. आपल्याकडे प्रमाद हा साधा शब्द नाही. या सगळ्या खेळांत नवी तलवार मिळाली की पोरं पहिल्यांदा करतात ते नेमकं हेच. समोर जे असेल त्यावर फिरवून बघतात.

खेळात पात्र मेलं की कागद फाडायचा आणि नवा घ्यायचा. जुन्याचं देणं नव्याला लागत नाही. मला हीच त्या खेळाची सर्वांत कच्ची जागा वाटते, आणि पुराण इथे किती पुढे आहे ते दिसतं. आपल्याकडे रामाने रावणाला मारलं नाही, म्हणून राम मोक्षाला गेला. लक्ष्मणाने मारलं, तो नरकात गेला, रावणाच्याच शेजारी. ज्याच्याकडे खड्गही होतं आणि चक्रही, तो मुलांचा आवडता वीर तिथे अजून लढतो आहे. शंबूकाचा जीवही तिथेच, असुर होऊन त्या दोघांना एकमेकांवर घालतो. बारा वर्षांची साधना त्याने अशी वापरली.

आणि मग सीता येते. दीक्षा घेऊन, तप करून तिचा जीव अच्युत स्वर्गात प्रतींद्र झालेला. हत्यार नाही, कुठली सिद्ध केलेली विद्या नाही. ती नरकात उतरते, शंबूकाला दटावते, लक्ष्मणाला आणि रावणाला समजावते. ज्याने तिला पळवून नेलं त्यालाही. दोघांना उचलून वर न्यायचा प्रयत्न करते. ते तिच्या हातातून निसटतात, कारण कर्म पुरतं भोगल्याशिवाय तिथून सुटका नाही. ती दोघांना सम्यक्त्व देऊन एकटी परत जाते. पुढे कधी तरी, कितीतरी जन्मांनी, रावण आणि लक्ष्मण दोघंही तीर्थंकर होणार आहेत.

भाचीने हे ऐकून आपला कागद काढला. खाली कोपऱ्यात, जिथे पात्राची शस्त्रं लिहितात तिथे, तिने बराच वेळ पेन्सिल टेकवून ठेवली. मग विचारलं, "मावशी, सीता खाली उतरली ती कोणत्या विद्येने?"